रामेश्वर, आहेस का?

सोमेश्वर महानवर काय काम करतो असं गावात कुणालाही विचारा, ‘ढगात कॉम्प्युटर बसवतो’ हे उत्तर तयार आहे. गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या काठाला हे गाव. पाऊस लांबला की पारावरची मंडळी त्याला हटकून अडवतात. "सोमा, लेका तुझ्या ढगाला सांग की, जरा हिकडं बी बग म्हनाव." सोमा हसून पुढं जातो. स्वभावानं गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण ज्या कंपनीसाठी तो हे काम करतो, तिथं जाऊन सोमेश्वर महानवर कुठं बसतात म्हणून चौकशी केलीत, तर असा कुणी माणूस आमच्याकडं नाही असंच सांगतील. तिथं आहेत ते रामेश्वर धुळाजी महानवर. पदवी रामेश्वरची, पगार रामेश्वरच्या खात्यात, पासपोर्टवर नाव रामेश्वरचं. आणि रामेश्वर तर तिसरीत असतानाच नदीत बुडून गेलेला.

ही भुताची गोष्ट नव्हे. निदान गावात तरी तिला कुणी भुताची गोष्ट म्हणत नाही. गावात तिच्याविषयी मुळात कुणी बोलतच नाही.

रामेश्वर हा सोमाचा थोरला भाऊ, दोन वर्षांनी मोठा. त्या उन्हाळ्यात धुळाजी, म्हणजे बाप, कळप घेऊन बालाघाटाच्या डोंगराकडं गेला होता. घरी राहिली ती नुकती झालेली कोकरं, आणि ती राखायला ही दोन पोरं. नदी कोरडी पडलेली, पण पात्रात वाळूचा धंदा करणाऱ्या अर्जुनरावांचं पोकलेन चालायचं. वाळू उपसून उपसून मोठाले खड्डे झाले होते आणि त्यांत खालून पाझरून पाणी साचलं होतं. वरून बघावं तर गुडघाभर वाटावं असं निवळशंख पाणी. भर दुपारी एक कोकरू तिकडं उतरलं. त्याच्यामागं रामेश्वर उतरला. काठाची वाळू सरकली आणि पोरगं वाळूसकट आत गेलं. ओरडायलासुद्धा सवड मिळाली नाही. सोमा काठावर उभा होता. त्याला वाटलं, दादा बुडी मारून खाली बसलाय, आता वर येईल. तो बराच वेळ वाट बघत राहिला आणि मग घराकडं पळाला.

अर्जुनराव म्हणजे तालुक्यात वजन असलेला माणूस. पोराला वर काढलं ते त्यांच्याच माणसांनी. पंचनामा झाला नाही, पोलीस आले नाहीत, सांजच्या आत नदीकाठच्या माळावर पोर पुरून झालं. मग अर्जुनराव पोरांच्या आईच्या, छबुबाईच्या दारात, खाली जमिनीवर येऊन बसले आणि रडले. ढोंग नव्हतं ते, खरंच रडले. वाईट माणसाला रडू येत नाही असं थोडंच आहे? डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "छबुबाई, गेलेलं लेकरू काय परत येत न्हाई. ऱ्हायलेल्याचं मी बगतो. शाळा, कालेज, नौकरी, समदं. तुमी फकस्त तोंड उघडू नका."

आता तोंड उघडायचं नाही म्हणजे काय करायचं? तर पोरगं मेलंच नाही असं करायचं. अर्जुनरावांच्या डोक्याला दाद दिली पाहिजे. त्यांनी गावच्या शाळेतून रामेश्वरचा शाळा सोडल्याचा दाखला काढवला आणि तो देऊन सोमाला चकलांब्याला मामाकडं पाठवून दिलं. तिथं कोण कुणाला ओळखतंय? पहिलीतला सोमेश्वर तिथं तिसरी पास रामेश्वर होऊन चौथीत बसला. गावच्या शाळेत सोमेश्वरच्या नावापुढं ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडला आणि पुढं ते नाव पटावरून कमी झालं. उद्या कुणी चौकशीला आलंच, तर रामेश्वर चौथीत शिकत होता. जो हरवला तो सोमेश्वर, आणि हरवलेल्या धनगराच्या पोराची चौकशी करायला कोण येणार होतं?

धुळाजी कळप घेऊन परतला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. तो दाराबाहेर बसला, डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, आणि दोन दिवस तिथून उठला नाही. नंतर उठून कळपाकडं बघायला लागला, पण सोमाला त्यानं मरेपर्यंत ना सोमा म्हटलं ना रामेश्वर. नुसतं ‘पोरा’ म्हणायचा.

आणि गावाचं म्हणाल तर, सगळ्या गावाला सगळं ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी. त्या वर्षी निम्म्या गावाच्या घरात अर्जुनरावांच्या ट्रॅक्टरमुळं चूल पेटत होती.

चकलांब्याच्या शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे. "रामेश्वर महानवर!" सोमा लगेच ‘हजर’ म्हणायचा नाही. थोडं थांबायचा. मास्तरांना वाटलं पोरगं बहिरं आहे, मग वाटलं माजोरी आहे, आणि मग पट्टी सुरू झाली. खरी गोष्ट अशी की, ज्याचं नाव आहे त्यानं आधी ओ द्यावी म्हणून सोमा वाट बघायचा. कुणी ओ देत नाही असं बघून मग हळूच ‘हजर’ म्हणायचा. ही सवय त्याला पुढंही राहिली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला नाव पुकारलं तेव्हाही तो असाच खुर्चीत बसून राहिला होता. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा उठला.

दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात भरून काढायचा म्हणजे पोराला डोकं लागतं, आणि डोकं होतं. अर्जुनरावांनी शब्द पाळला. संभाजीनगरला इंजिनिअरिंग, हॉस्टेलची खोली, सगळं झालं. तिथून पुणे. पहिली नोकरी एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये, कॉम्प्युटरांच्या यंत्रगृहात. बाहेर रणरणतं ऊन आणि आत स्वेटर घालून बसायचं. हजारो यंत्रं रांगेनं मांडलेली, दिवे लुकलुकताहेत, पंख्यांची घरघर. बाकीची पोरं तिथं कंटाळायची. सोमाला मात्र ते आवडलं. तिथून शिकत शिकत तो वर चढला आणि क्लाउडचा आर्किटेक्ट झाला. म्हणजे घर बांधणारा जसा आराखडा काढतो तसा हा यंत्रांचा काढतो. बँका, दवाखाने, तिकिटांची दुकानं, सगळ्यांचं काम लांब कुठं तरी ठेवलेल्या यंत्रांवर चालतं. कुठलं यंत्र कुठं ठेवायचं, त्याची नक्कल कुठं ठेवायची, आणि एक मेलं तर त्याच्या जागी कुणी उभं राहायचं, हे तो ठरवतो. पत्ता तोच, नाव तेच, फक्त आतलं यंत्र दुसरं. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागत नाही. या एका कामात सोमाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सुरुवातीच्या काळात एकदा पुण्यात प्रशिक्षण होतं. शिकवणारा मोठ्या पगाराचा माणूस. म्हणाला, "यंत्रांना घरच्या कुत्र्यामांजरासारखी नावं ठेवून लाड करू नका. कळपातल्या जनावरासारखी वागवा. मेलं एखादं, तर दुसरं आणायचं आणि पुढं जायचं." सगळ्या वर्गानं लिहून घेतलं. सोमाला हसू फुटलं. "सर, तुम्ही मेंढरं कधी राखलीत का?" त्याच्या बापाच्या कळपात प्रत्येक मेंढीला नाव होतं. काजळी, बांडी, मोरी, तोतरी. एखादी गेली की धुळाजी त्या रात्री भाकरीला हात लावायचा नाही. वर्ग हसला, सरही हसले. पण काम करायचं ते सरांच्याच पद्धतीनं, आणि सोमा त्यात पुरता तरबेज झाला. काम सुरळीत चाललं की गिऱ्हाइकं खूश होऊन लिहायची, ‘एक यंत्र गेलं होतं म्हणे, आम्हाला कळलंसुद्धा नाही!’ साहेब ती पत्रं सगळ्यांना वाचून दाखवायचे, टाळ्या व्हायच्या. त्या टाळ्या सोमाला कधी सहन झाल्या नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे वाढदिवस. ऑफिसातली माणसं हौशी. तारीख आली की केक आणणार, टेबलाभोवती गोळा होऊन गाणार, रामेश्वरला मेणबत्ती फुंकायला लावणार. तो वाढदिवस खरोखरच रामेश्वरचा होता. त्या दिवशी गावाकडं छबुबाई पाणीसुद्धा पीत नसे, हे सोमाला माहीत होतं. केकचा तुकडा तोंडात धरून तो सगळ्यांचे आभार मानायचा.

नाद म्हणावे तर त्याला दोनच. एक मेंढरांचा. आजही दारात पाच-सात आहेत, सगळ्यांना नावं आहेत. दुसरा कपिलधारचा. पावसाळ्यात सवड मिळाली की गाडी काढून कपिलधारला जायचं आणि धबधब्यापुढं तासन्‌तास उभं राहायचं. लोक देवदर्शन करून, शेंगा खाऊन घरी जातात, हा तिथंच. बायकोनं एकदा विचारलं, इतकं काय बघता त्यात? म्हणाला, "पडतं पानी बरं वाटतं. साचलेलं बगवत न्हाई." घरात बादली काठोकाठ भरून ठेवलेली त्याला चालत नाही. नळाखाली तांब्या धरून आंघोळ करतो.

ही बायको म्हणजे रोहिणी. शिकलेली, बोलायला मोकळी, माहेर आष्टीकडचं. लग्न ठरलं ते रामेश्वरशी, पत्रिकेत नाव रामेश्वरचं, मुलीच्या घरी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. मांडवात बायकांनी आग्रह केला, नाव घ्या, नाव घ्या. रोहिणीनं ठसक्यात उखाणा घेतला :

"गोदाकाठी फुलली शेवंती, पाण्यात पडलं ऊन,
रामेश्वररावांचं नाव घेते, धुळाजींची सून."

बायकांनी वाहवा केली. छबुबाई मात्र उठली आणि मांडवातून चालती झाली. शोधत गेले तेव्हा ती मागच्या बोळात भिंतीला डोकं टेकून उभी होती. "माझ्या लेकराचं लगीन लागलं," एवढंच म्हणत होती, "माझ्या लेकराचं लगीन लागलं गं." त्या दिवशी नव्या सुनेला सगळं सांगणं सोमाला भाग पडलं. रोहिणीनं आदळआपट केली नाही, पण पुन्हा कधी उखाणा घेतला नाही. सगळ्या बायका नवऱ्याला ‘अहो’ म्हणतात, तिला त्या शब्दाचा खरा उपयोग झाला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी छबुबाईनं लेकाला समोर बसवलं. आपल्याकडं बिनलग्नाचं पोर गेलं की त्याचा मुंजा मांडतात. शेताच्या बांधावर दगड ठेवून शेंदूर लावायचा, नाव घेऊन हाक मारायची, घरच्या लग्नाची पहिली अक्षत त्याला. मग ते पोर जागेवर बसतं, घराला सांभाळतं. रामेश्वरचा दगड मांडलाच नव्हता. आधी अर्जुनरावांच्या भीतीनं मांडला नाही, कारण दगड म्हणजे पोर मेल्याची जाहीर कबुली. पुढं अर्जुनराव निवडणूक हरले, अंथरुणाला खिळले, गावाला त्यांची भीती उरली नाही. तरी मांडता येईना. कारण आता ते नाव सोमाचं होतं. जित्या माणसाच्या नावाचा दगड मांडायचा नसतो. मांडला तर जिताच जातो, असं छबुबाईच्या मनानं घेतलं होतं.

"एक लेकरू नदीनं नेलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावानं शेंदूर कसा लावू? तू त्याचं नाव सोड. त्याचं त्याला दे. तो अजून तसाच फिरतोय रे उन्हातान्हाचा."

"देतो, माय. जरा नौकरी पक्की होऊ दे."

नोकरी पक्की झाली. मग म्हणाला घर होऊ दे. मग म्हणाला बढती होऊ दे. नाव सोडायचं म्हणजे पदवी सोडायची, नोकरी सोडायची, उमेदीची सगळी वर्षं पुसून टाकायची. शिवाय फसवणुकीचा आरोप यायचा तो वेगळाच. सोमा काही वाईट लेक नव्हता. पण कोण देईल सांगा?

पुण्यात घर झालं, सातव्या मजल्यावर. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी पुस्तकांची फळी ठोकायला म्हणून सोमानं भिंतीला भोक पाडायला घेतलं. गिलावा कच्चा निघाला. ड्रिल बाहेर काढलं तशी भोकातून वाळू गळायला लागली. बारीक, करडी वाळू. ती गळतच राहिली, खाली फरशीवर छोटा ढीग झाला. रोहिणी झाडू घेऊन आली तर नवरा गुडघ्यावर बसून त्या वाळूला हात लावून बघतोय. "आपल्या हिकडचीच हाय," म्हणाला. तिनं समजूत काढली की वाळू काय, कुठलीही असेल. पण सोमाला लहानपणापासून माहीत होतं, अर्जुनरावांचे ट्रक कुठं जायचे ते. त्या दिवसापासून त्या घरात भिंतीला टेकून बसणं त्यानं सोडलं. जेवतानासुद्धा खोलीच्या मधोमध बसायचा. पुढं कंपन्यांनी घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा पहिली बॅग त्यानं भरली आणि दोघं गावी आली.

गावात घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, इंटरनेट घेतलं, काम सुरू झालं. आणि एक वेगळीच गोष्ट घडायला लागली, जिचा विचार एवढ्या हुशार माणसानं केला नव्हता. घरून काम म्हणजे दिवसभर मीटिंगा. मीटिंग म्हणजे पडद्यावर दहा चौकोन आणि मधूनमधून एकच प्रश्न : "रामेश्वर, आहेस का? रामेश्वर, आवाज येतोय का?" आणि सोमा म्हणायचा, "आहे, आहे."

छबुबाई मधल्या दारामागं बसून हे ऐकायची. कितीतरी वर्षं त्या घरात ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आता परके आवाज सकाळपासून तिच्या पोराला हाका मारत होते. बायकांचे, पुरुषांचे, काळजीचे, वैतागलेले. रामेश्वर, आहेस का. ती सूप मांडीवर घेऊन बसायची आणि सूप तसंच राहायचं.

एके दुपारी सोमा हात धुवायला मागं गेला होता. टेबलावरून हाक आली, "रामेश्वर? आहेस का रे?" सोमा धावत आला तर आई पडद्यासमोर उभी. पदर डोक्यावर ओढून घेतलेला, हात जोडलेले. "कोन हाय बाबा तुमी?" ती त्या चौकोनांना विचारत होती. "कावून हाका मारता त्याला? त्यो येत न्हाई. म्या लई हाका मारल्या, न्हाई येत." पलीकडची माणसं गोड हसली, "नमस्कार आई!" म्हणाली. सोमानं पडदा मिटला. त्या दिवशी त्याला पुढचं काम सुधरलं नाही.

संध्याकाळी ज्वारी पाखडता पाखडता तिनं विचारलं, "तुजं काम तरी काय हाय रे नेमकं? नीट सांग."

त्यानं जमेल तसं सांगितलं. एक यंत्र बंद पडतं, त्याच्या नावानं दुसरं उभं राहतं, माणसांना कळत नाही.

"मंग पहिल्याचं काय करता?"

"काढून टाकतो."

"त्येला काहीच न्हाई? पानी न्हाई, निवद न्हाई?"

"माय, यंत्र हाय ते."

"हां. यंत्र हाय," छबुबाई म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

हे सगळं होऊनही सोमानं पुढचं पाऊल टाकलंच. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीनं त्याला बोलावलं. आपल्या देशातलं त्यांचं सगळं काम त्याच्या हाताखाली यायचं होतं. ही नोकरी झाली की मग दगड मांडू, असं तो आईला म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच स्वतःची लाज वाटली. नेमणुकीआधी पत्त्याची खातरजमा करायला माणूस येणार होता. सोमानं आईला सांगून ठेवलं, "त्यो इचारंल. तू फकस्त हो म्हन."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "लई येळा म्हनलंय."

माणूस सकाळी आला. युवराज नावाचा बीडचा पोरगा, मोटारसायकलवर, गळ्यात ओळखपत्र. अदबीचा होता. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, मोबाइल काढून छबुबाईकडं वळला. उमेदवारानं मध्ये बोलायचं नाही असा नियम, म्हणून सोमा दाराच्या चौकटीला उभा राहिला. रोहिणी आत चहा टाकत होती.

"आजी, रामेश्वर धुळाजी महानवर हे तुमचे कोन?"

"ल्योक."

"हितंच ऱ्हातात?"

"हितंच ऱ्हातो."

"कवापासून?"

"जलमापासून."

"आता सध्या बी हितंच हायेत ना?"

"हाय की. हितंच हाय."

सोमा आईकडं बघत होता. कधी नव्हे ते नीट बघत होता. प्रत्येक उत्तर दिलं की तिचा उजवा हात पदराआडून वर यायचा, कानाच्या पाळीला लागायचा आणि खाली जायचा. देवाकडं चूक पदरात घे म्हणताना माणूस कान धरतो, तसा. युवराजला वाटलं असेल म्हातारीला कान खाजवायची सवय आहे. ल्योक, आणि कानाला हात. हितंच ऱ्हातो, आणि कानाला हात.

म्हणजे ती दर वेळी हे करत आलेली. मामाच्या गावी मास्तरांपुढं, जातीच्या दाखल्याला तलाठ्यापुढं, पासपोर्टच्या वेळी पोलिसापुढं, लग्नाच्या बैठकीत व्याह्यांपुढं. माझा रामेश्वर आहे, जिता आहे, हा काय इथं आहे. आपण जी पायरी चढलो, ती चढायला आईनं मेलेल्या लेकाला एकदा जितं म्हटलं, आणि लगोलग त्याची माफी मागितली. सोमानं आजवर स्वतःचंच दुःख उगाळलं होतं. नाव माझं नाही, तारीख माझी नाही, मी कोण. आईनं काय केलं ते त्याला आज दिसलं, आणि त्याला तिथं उभं राहवेना.

"आजी, हितं सही नायतर अंगठा करा," युवराज म्हणाला.

"थांब," सोमा म्हणाला. "रामेश्वर न्हाई. त्यो वारला."

युवराजनं मोबाइलमधला फोटो बघितला, सोमाकडं बघितलं. "म्हंजे? मंग तुमी कोन, सर?"

"मी सोमेश्वर. त्याचा पाठचा भाऊ. त्यो तिसरीत असताना नदीत बुडाला. वाळूच्या खड्ड्यात. मी तवापासून त्याच्या नावावर हाय."

"सर, इचार करून बोला. मला हे वर कळवावं लागंल. ही नौकरी तर जाईलच, हाय ती बी ऱ्हायची न्हाई."

"कळव."

रोहिणी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याचा हात धरला. छबुबाई मात्र उसळली. "कावून बोलला रे तू? म्या हो म्हनलं होतं ना? म्या म्हनलं होतं की हो! म्या म्हनलं असतं अजून..." आणि बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, शब्द संपले, आणि राहिला तो नुसता आवाज. तिनं हंबरडा फोडला. सोमानं आपल्या आयुष्यात आईला मोठ्यानं रडताना ऐकलं नव्हतं. ती जमिनीवर बसली, दोन्ही हातांनी ऊर बडवायला लागली, "माझा रामा गं! माझा रामा गं!" युवराज हातात मोबाइल धरून अंगणात उभा राहिला. त्याला बसावं की जावं कळेना.

असा हंबरडा उठला की खेड्यात कुणी विचार करत नाही. हातातलं टाकून बायका धावल्या. चुलीवरचं तसंच सोडून, ओल्या हातांनी, लेकरं कडेवर घेऊन. पुरुष येऊन अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. सगळ्यांच्या पुढं शेजारची ताराबाई होती. आता पार वाकलेली, काठी टेकत येणारी. पोराला पाण्यातून काढलं त्या दिवशी अर्जुनरावांच्या सांगण्यावरून छबुबाईच्या तोंडावर हात दाबून धरला होता तो हिनंच.

"काय झालं गं छबू? कोन गेलं?"

"माझा रामेश्वर गेला गं, ताराबाई."

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. चारचौघांचे डोळे सोमाकडं वळले आणि खाली गेले. त्याला किती वर्षं झाली, हे कुणी म्हणालं नाही. ताराबाईनं काठी टाकली, खाली बसली, छबुबाईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि मयताच्या घरी पहिल्यांदा जे विचारतात तेच विचारलं.

"कधी गं?"

"आत्ता," छबुबाई म्हणाली. "आत्ताच गेला."